पासवर्ड बरोबरच होता: आईच्या कॉम्प्युटरच्या नोंदी

कॉम्प्युटर गावी, देवरुखपासून थोडं आत. मी पुण्यात. आई निवृत्त शिक्षिका, गावच्या ग्रंथालयाचं सगळं तीच बघते. या नोंदी मी त्या त्या दिवशी फोनमध्ये टिपल्या होत्या, आता जरा नीट करून लिहितोय. आईवडील गावाला आणि कॉम्प्युटर सांभाळणारा शहरात अशी घरं पुष्कळ आहेत, त्यांना उपयोग व्हावा.

डेस्कटॉप २०२२ मध्ये सुटे भाग घेऊन जोडलेला. रायझन ५ ५६००जी, ८ जीबी रॅम. डिसेंबर २०२४ मध्ये जुनी डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून मी नवी एसएसडी टाकून विंडोज ११ होम (२४एच२ ही आवृत्ती) कोरं घातलं. खाती दोन. एक आईचं, मायक्रोसॉफ्ट खातं, रोज पिन टाकून उघडतं. दुसरं ‘ग्रंथालय’ नावाचं, फक्त त्या कॉम्प्युटरपुरतं, साध्या पासवर्डचं. पुस्तकांची यादी, वर्गणीचा हिशोब सगळं त्यात. मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट मांडणीचा, तोही त्याच खात्यात.

१४ जून २०२५, शनिवार

सकाळी नऊला आईचा फोन. “अरे, तो पासवर्ड घेत नाही. काल रात्री घेत होता.”

पहिला संशय कॅप्स लॉकवर. दिवा बंद. मग म्हटलं, सावकाश एकेक अक्षर टाक. टाकलं. चुकीचा. पुन्हा. चुकीचा. मी फोनवर अक्षरं सांगतोय, ती टाकतेय, ठिपके मोजतेय, ठिपके बरोबर तेवढेच. दहा-बारा वेळा झाल्यावर पडद्यावरचं वाक्यच बदललं: हे खातं सध्या बंद केलेलं आहे.

इथे अर्धा तास गेला तो माझ्यामुळे. विंडोज ११ च्या २२एच२ पासून, नव्याने घातलेल्या विंडोजमध्ये १० वेळा चुकलं की खातं १० मिनिटं कुलूपबंद होतं. तेवढ्या वेळात बरोबर पासवर्ड टाकला तरी आत घेत नाही. मला हे ठाऊक होतं, पण फोनवर सुचलं नाही. मी तीन मिनिटांनी पुन्हा टाकायला लावला, मग पाच मिनिटांनी. शेवटी आईच म्हणाली, “थांब, मी चहा टाकते.” चहा होईपर्यंत कुलूप सुटलं.

मग व्हिडिओ कॉल केला आणि पासवर्डच्या चौकटीच्या उजवीकडचं डोळ्याचं चित्र माउसने दाबून धरायला सांगितलं. ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसली.

“नोमपोल,” आई म्हणाली. “हे कुठल्या गावचं?”

पासवर्डची पहिली सहा अक्षरं इंग्रजी स्पेलिंगातलं ‘वाचन’ होती (आता बदललाय, म्हणून सांगतो). इनस्क्रिप्टमध्ये व्हीच्या कळीवर न, एच्या कळीवर ओकार, सीवर म, एचवर प, पुन्हा ओकार, एनवर ल. नोमपोल. ओकारासाठीही एक ठिपका पडतो, म्हणून मोजणी बरोबर येत होती आणि आम्ही दोघं सकाळभर ठिपके मोजत बसलो होतो. आदल्या रात्री ती मराठीत नोंदी करत होती, डावी आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबली गेली की भाषा बदलते, आणि लॉगिनच्या पडद्यावर तोच मराठी कीबोर्ड चालू राहिला होता. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली, खाली उजव्या कोपऱ्यात इंग्रजी आलं, खातं उघडलं.

त्या व्हिडिओ कॉलमध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती. सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि त्या पडद्यावरचं घड्याळ रात्रीचे सव्वाबारा दाखवत होतं. मी पाहिलं आणि सोडून दिलं. पुढचा आठवडा त्या सोडून देण्याची भरपाई करण्यात गेला.

१५ जून, रविवार

आईला फोनवरून सेटिंगमध्ये नेलं. टायपिंग, मग प्रगत कीबोर्ड, मग भाषा बदलण्याच्या कळा. आल्ट-शिफ्ट बंद करून टाकली. आता भाषा बदलेल ती फक्त विंडोज आणि स्पेसने, म्हणजे मुद्दाम दाबली तरच.

लॉगिनच्या पडद्यावर कायम इंग्रजीच राहावं म्हणूनही एक सोय आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये प्रशासकीय भाषा सेटिंग म्हणून एक कोपरा आहे, तिथून चालू खात्याचा कीबोर्ड स्वागताच्या पडद्यावर उतरवता येतो. ती मी आईच्या खात्यातून करायला लावली, कारण त्या खात्यात मराठी कीबोर्ड नाहीच. कॉम्प्युटर नव्याने सुरू केल्यावर याचा उपयोग होतो. मात्र ‘ग्रंथालय’ चालू असताना पडदा कुलूपबंद झाला, तर अजूनही कधी कधी मराठी सापडतं. त्याला माझ्याकडे उपाय नाही. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय: आधी डोळा, मग विंडोज-स्पेस.

१९ जून, गुरुवार

दुपारी गावात विजा कडकडल्या आणि लाईट गेली. आई त्या वेळी ‘ग्रंथालय’ खात्यात काम करत होती, कॉम्प्युटर धाडकन बंद. यूपीएस नाही. घेऊ घेऊ म्हणत तीन वर्षं झाली. लाईट रात्री आठला आली.

साडेआठला फोन. “काळा पडदा, पांढरी अक्षरं, वाय की एन विचारतोय.”

मी ऑफिसच्या कॉलवर होतो. एका कानात ऑफिस, दुसऱ्या कानात आई. म्हटलं, “वाय दाब, पुढे जाईल.” दाबलं. पुढे निळा पडदा आला आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागला.

आईने आधीच्या काळ्या पडद्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. तो मी वाय दाबायला सांगितल्यानंतर उघडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की एफटीपीएमची साठवलेली नोंद बिघडली आहे. वाय दाबलंत तर ती पुसली जाईल, आणि बिटलॉकर किंवा तसं काही डिस्कचं कुलूप असेल तर रिकव्हरी कीशिवाय कॉम्प्युटर सुरू होणार नाही. एन दाबलंत तर जुनी नोंद तशीच राहील.

हा संदेश एएमडीच्या मदरबोर्डांवर येतो. बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा, मदरबोर्डमधला प्रोग्राम) अपडेट केला, प्रोसेसर बदलला किंवा बायोसची सेटिंग उडाली की दिसतो. एफटीपीएम ही प्रोसेसरच्या आतली छोटी तिजोरी समजा. डिस्कचं कुलूप उघडायची किल्ली आणि विंडोजचा पिन दोन्ही तिच्या जिवावर चालतात. ती पुसायला मीच सांगितलं. कधी हा पडदा आला तर एन दाबा, फोटो काढा आणि स्वस्थ बसा. वाय नंतरही दाबता येतं.

दुसरं आश्चर्य डिस्कच्या कुलपाचं. मी ते कधी लावलंच नव्हतं. पण २४एच२ पासून मायक्रोसॉफ्टने डिव्हाइस एन्क्रिप्शनच्या अटी सैल केल्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने कोरं विंडोज घातलं आणि यंत्रात टीपीएम (वरच्यासारखी तिजोरी), सिक्युअर बूट असलं, तर होम आवृत्तीतसुद्धा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. किल्ली खात्यात जमा होते. डिसेंबरात मी भराभर पुढे-पुढे दाबत गेलो होतो, वाचलं नाही.

२० जून, शुक्रवार

किल्ली आईच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असणार. पत्ता लक्षात ठेवायला सोपा आहे: एकेए डॉट एमएस, तिरकी रेघ, मायरिकव्हरीकी. पुण्यातून उघडलं. खात्याचा पासवर्ड माझ्या वहीत होता. पुढे त्याने ओळख पटवायला कोड पाठवायचं ठरवलं, ४१ ने संपणाऱ्या नंबरावर.

तो बाबांचा नंबर. बाबा गेल्यावर ते सिम कुणी रिचार्ज केलं नाही.

खाली एक पर्याय दिसतो, ‘यातलं काहीच माझ्याकडे नाही’. त्यावरून पुढे गेलं की नवा नंबर देता येतो, पण जुनी सगळी ओळख बदलायची तर ३० दिवस थांबावं लागतं. ऑडिटरला पुस्तकांची यादी ३० जूनपर्यंत द्यायची होती. माझं बोट त्या पर्यायावर गेलंही होतं. मग वर पुन्हा पाहिलं तर दुसरा मार्ग ईमेलचा होता. पत्त्याची पहिली दोन अक्षरं दिसत होती, बाकी फुल्या. ओळखायला दोन मिनिटं लागली. माझाच कॉलेजच्या काळातला मेल. फोनमध्ये तिसरं खातं म्हणून नुसता पडून होता. कोड आला, खातं उघडलं. आईच्या खात्यात आता तिचा आणि माझा असे दोन चालू नंबर घातलेत.

पानावर किल्ल्या दोन निघाल्या, कारण माझा एक जुना लॅपटॉप मधे काही महिने आईच्या खात्याने चालत होता. मी वरची किल्ली वाचून दाखवली आणि वीस मिनिटं फुकट घालवली. निळ्या पडद्यावर की आयडी म्हणून अक्षर-आकड्यांची एक ओळ असते. तिची पहिली आठ अक्षरं पानावरच्या आयडीशी जुळवायची, जुळेल तीच किल्ली. तेवढं आधी केलं असतं तर ४८ आकडे दोनदा टाकावे लागले नसते.

टाकत होता शेजारचा बारावी झालेला मुलगा. आईला बारीक अक्षर रात्री नीट दिसत नाही. रेंज जात-येत होती, सहा आणि सात यांचा गोंधळ चाललेला. तेव्हा एक गोष्ट कामी आली. या किल्लीत सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. मी गट सांगायचा, त्याने टाकलेला मला परत वाचून दाखवायचा, मी कॅल्क्युलेटरवर ११ ने भागायचा. समजा गट ४८२६१४ आहे: ११ ने भागला की ४३८७४, बाकी काही नाही. त्याने शेवटचे दोन उलटे ऐकून ४८२६४१ टाकले तर भाग जात नाही, चूक तिथल्या तिथे सापडते. पाचव्या गटात तशी एक सापडली.

“दादा, हे गणितात का नाही शिकवत?” तो म्हणाला.

रात्री पावणेदहाला विंडोज सुरू झालं. पुढचा पडदा: काहीतरी झालं आहे, तुमचा पिन उपलब्ध नाही, नव्याने लावा. तिजोरी पुसल्यावर पिन कसा राहील. नव्याने लावायला इंटरनेट लागतं. लॉगिनच्या पडद्यावरच खालच्या कोपऱ्यातून वायफाय जोडता येतं, पण जोडूनही ‘नंतर प्रयत्न करा’. का? तारीख. घड्याळ १ जानेवारी २०२१ वर गेलं होतं. तारीख चार वर्षं मागे असली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं त्या यंत्राला अजून जन्मलेलीच वाटत नाहीत, आणि मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर बोलतच नाही.

मुलाला बायोसमध्ये पाठवून तारीख-वेळ लावून घेतली. बाहेर आल्यावर किल्ली पुन्हा मागितली, ती टाकली, मग पिन लावला. अकरा वाजले. आईला बजावलं, मी येईपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही.

२१ जून, शनिवार

स्वारगेटहून सकाळची एसटी. वाटेत साखरप्याच्या पुढे आईचा फोन: परत तोच निळा पडदा. रात्री पुन्हा विजा झाल्या, तिने बटण बंद केलं आणि प्लगही काढला. बरोबरच केलं, मीही तेच केलं असतं. ४८ आकडे या वेळी तिने दिवसाउजेडी चष्मा लावून एकटीने टाकले.

मग गेल्या शनिवारचं ते घड्याळ आठवलं. रात्रीचे सव्वाबारा. आई रोज रात्री दहाच्या सुमारास सगळं बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करते. सकाळी दोन तास कॉम्प्युटर चालू होता, म्हणून दहाचे सव्वाबारा झाले. म्हणजे बटण बंद असताना घड्याळ थांबूनच राहत होतं. मदरबोर्डवरचा सेल संपत आला होता. आधी घड्याळ थांबायला लागलं, गुरुवारी सहा तास वीज नव्हती तेव्हा बायोसची सेटिंगही गेली, आणि मग तो काळा पडदा.

सेल तीन वर्षांत का संपला? भिंतीवरचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही पॉवर सप्लायमधून थोडी वीज मदरबोर्डला मिळते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. बटण रोज बंद केलं की सगळा भार सेलवर. वर कोकणातली दमट हवा. दर दोन-तीन वर्षांनी सेल बदलायचा, एवढं धरून चालायचं.

२२ जून, रविवार

सकाळी कॉम्प्युटरचा डबा (कॅबिनेट) उघडला. आत पाल राहून गेल्याच्या खुणा होत्या, त्याबद्दल लिहीत नाही.

सेल काढायच्या आधी डिस्कचं कुलूप तात्पुरतं सैल करायला हवं, नाहीतर पुन्हा तेच रामायण. होम आवृत्तीत त्यासाठी सेटिंगमध्ये बटण नाही. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून मॅनेज-बीडीई ही आज्ञा, तिच्यापुढे प्रोटेक्टर्स, डिसेबल आणि सी ड्राइव्हचं नाव अशी द्यावी लागते. यात डिस्क पूर्ण उघडी करत बसायची गरज नाही, एका मिनिटात होतं. एकदा रीस्टार्ट झाल्यावर कुलूप पुन्हा आपोआप लागतं, म्हणून आज्ञा दिल्यावर कॉम्प्युटर सरळ बंद करायचा, मधे रीस्टार्ट नाही.

मल्टिमीटरवर जुना सेल २.३ व्होल्ट. नवा असतो तेव्हा तीनच्या वर दाखवतो. देवरुखात घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, २५ रुपये. घरी येऊन खाचेत बसवला तर खडखड हलतोय. उलटून वाचलं: सीआर२०२५. हवा होता सीआर२०३२. व्यास दोन्हींचा २० मिलिमीटर, व्होल्टही तेवढेच, पण जाडी २.५ आणि ३.२. दुकानदाराने चुकून दिला, मी न बघता घेतला. पुन्हा स्कूटर काढली. दुसऱ्या खेपेला ४० रुपये, आणि या वेळी पाकिटावरचा आकडा मोठ्याने वाचून घेतला. ह्यात सव्वा तास गेला, कारण तोवर पाऊस धरला.

सेल बसवला, बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावली. एफटीपीएम चालू आहे ना ते पाहिलं. काही मदरबोर्डांवर सेटिंग उडाली की ते बंद होतं. इंटेलच्या बोर्डावर तेच पीटीटी या नावाने असतं. विंडोज सुरू झालं, किल्ली मागितली नाही. दोनदा बंद-चालू केला, एकदा अर्धा तास प्लग काढून ठेवला. घड्याळ बरोबर.

मग पिन टाकायला गेली आई, तर आकडेच उमटेनात. तिच्या चेहऱ्यावर ‘आता काय’ असं स्पष्ट दिसत होतं. बायोस मूळ सेटिंगवर गेल्यामुळे नम लॉक बंद होता आणि ती पिन उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर टाकते. नम लॉक दाबला. दहा सेकंदांचं काम.

संध्याकाळी, तेच

संपलं म्हणून मी अंगणात जाऊन बसलो. आईने ‘ग्रंथालय’ खातं उघडलं, मला हाक मारली, “अरे, माझं चित्र गेलं इथलं.” पडद्यावर जुन्या वाचनालयाचा फोटो असायचा, त्याजागी विंडोजचं निळं फूल. मी बाहेरूनच म्हटलं, “थीम उडाली असेल, कर तू काम.”

तिने नव्या आलेल्या चाळीस पुस्तकांच्या नोंदी केल्या. लेखक, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक. दीड तास बसली होती. फाइल डेस्कटॉपवर ठेवली, साइन आउट केलं, जेवण झाल्यावर परत उघडलं. फाइल नाही.

खातं तात्पुरत्या प्रोफाइलवर उघडलं होतं. विंडोज तसं सांगतंही, कोपऱ्यात एक सूचना येते की इथे केलेल्या फाइली साइन आउट झाल्यावर पुसल्या जातील. ती सूचना आईने फुली मारून बंद केली, कारण मी सहा महिने तिला शिकवत आलोय की कोपऱ्यात उगवणाऱ्या चौकटी सरळ बंद करायच्या. डेस्कटॉप ओळखीचा दिसला नाही तर एक अक्षरही टाइप करू नका. सी ड्राइव्हवर यूजर्समध्ये जाऊन बघा, तिथे टेम्प नावाचा फोल्डर उगवला असेल तर हेच झालंय.

जुन्या फाइली कुठे गेलेल्या नव्हत्या. आईच्या प्रशासक खात्यातून पाहिलं, यूजर्समध्ये ग्रंथालयाचा फोल्डर जसाच्या तसा होता. पहिलं काम, तो अख्खा पेन ड्राइव्हवर उतरवला.

२३ जून, सोमवार

एक दिवस रजा टाकली.

कारण गुरुवारचंच. ते खातं उघडं असताना वीज गेली, प्रोफाइलची नोंद अर्धवट राहिली, विंडोजने तिला बाजूला सारून तात्पुरती केली. कधी कधी नुसत्या रीस्टार्टने जागेवर येतं. तीनदा केला, नाही आलं.

मग रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची आतली नोंदवही. रेजएडिट उघडून लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट असं उतरत गेलं की एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावांच्या कळा (म्हणजे कप्पे) दिसतात, दर खात्याला एक. ग्रंथालयाच्या दोन होत्या. नाव तेच, पण एकीच्या शेवटी डॉट बॅक. डॉट बॅकवाली खरी: तिच्यातल्या प्रोफाइल इमेज पाथमध्ये ग्रंथालयाच्या फोल्डरचा पत्ता होता. बिनशेपटीची होती ती टेम्पकडे बोट दाखवणारी तोतया.

आधी अख्ख्या प्रोफाइल लिस्टची प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवली. मग तोतयाच्या नावापुढे डॉट ओल्ड लावलं, खरीच्या नावातून डॉट बॅक काढलं, आणि तिच्यातला स्टेट नावाचा आकडा शून्य केला. हे सगळं आईच्या खात्यातून, ग्रंथालयाचं खातं साइन आउट असताना. रीस्टार्ट.

पहिल्या खेपेला पुन्हा निळं फूल. घाईत मी तोतयाचंच नाव बदलून परत जसंच्या तसं केलं होतं, म्हणजे काहीच केलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला एकेक नाव कागदावर उतरवून, खुणा करत केलं. वाचनालयाचा फोटो आला. आई म्हणाली, “आलं बाई एकदाचं,” आणि लगेच कालच्या चाळीस पुस्तकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. मी वाचून दाखवली, तिने टाकली, पाऊण तासात झालं. माझी शिक्षा एवढ्यावर भागली.

डिस्कचं कुलूप ठेवायचं का, यावर आमचं थोडं वाजलं. मी म्हणत होतो काढून टाकू. डेस्कटॉप कोण उचलून नेतोय, आणि नेलाच तर ग्रंथालयाची यादी मिळेल त्याला, वाचक तरी वाढेल. आई म्हणाली, “माझे पेन्शनचे कागद आहेत, बँकेचे आहेत. चालू ठेव. किल्ली मी सांभाळते.” कॉम्प्युटर तिचा, म्हणून चालू ठेवलं. किल्ली मोठ्या अक्षरात छापून घेतली, सोबत की आयडीची आठ अक्षरं. एक प्रत माझ्याकडे. दुसरी तिने ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली, कारण ती वही गेल्या तीस वर्षांत हरवलेली नाही.

संध्याकाळच्या गाडीने पुणे.

५ जुलै, शनिवार

यूपीएस पोचला. ६०० व्हीए, २,९०० रुपये. शेजारच्या मुलाने जोडून दिला. मॉनिटर आणि डबा एवढंच त्यावर, प्रिंटर नाही. चालतो दहा-बारा मिनिटं. फाइल साठवून बंद करायला पुष्कळ झाली.

आतापर्यंतचा खर्च: सेल दोन मिळून ६५ (त्यातला २५ चा ड्रॉवरमध्ये पडून आहे, कुणाच्या वजनकाट्याला लागला तर घेऊन जा), यूपीएस २,९००, एसटीचं जाणं-येणं हजाराच्या आसपास, एक रजा. यूपीएस तीन वर्षांपूर्वी आणि सेल मे महिन्यात घेतला असता तर बाकीचं काहीच लागलं नसतं. यादी ऑडिटरकडे २८ तारखेला गेली.

राहिलेलं काम: ग्रंथालयाच्या फोल्डरची दर आठवड्याला आपोआप प्रत निघायला हवी. पेन ड्राइव्ह आईच्या शिवणाच्या डब्यात आहे, आणि ती आठवेल तेव्हा लावते.

१३ जुलै, रविवार

या आठवड्यात लाईट चारदा गेली. यूपीएसने टीटी केलं, आईने फाइल साठवली, बंद केला. भिंतीवरचं बटण ती रोज बंद करतेच, सांगून उपयोग नाही. सकाळी घड्याळ बरोबर असतं.

बुधवारी ग्रंथालयाच्या खात्याने पासवर्ड चुकीचा म्हटलं. तिने डोळा दाबला, काहीतरी मराठी आलं, विंडोज-स्पेस केलं, कामाला लागली. मला हे आज कळलं, फणसाच्या गऱ्यांचं बोलणं चाललं होतं तेव्हा मधेच.